मोटार मेली म्हणून सांगा

न्हाई, न्हाई, तुमी चालू द्या तुमचं, माझ्याकडं पहायची गरज न्हाई — मी हितं उंबऱ्यात बसते, उजेड अडत न्हाई न तुमचा? अडत असंल तर सांगा, कडंला सरकते, पण उठून जायची न्हाई. मिस्त्री लोकायला कुणी समोर बसलेलं आवडत न्हाई, माहीत हाय मला. रामकिसनलाबी आवडत नव्हतं. रामकिसन म्हंजे परतूरच्या जिनिंगातला फिटर, पहिल्यापासून तोच यायचा — तो म्हणायचा, सगुणाबाई, तुमी आत जा, धूर होईल, डोळ्यात जाईल. चुलीपाशी जलम गेला माझा अन् मला धुराचं भेव दाखवतो. मी आत गेले की ह्याच्या पिशवीत एक तुकडा जाणार अन् त्याच्या जागी कुठला तरी गंजका तुकडा मोटारीत बसणार, असं माझं म्हणणं. पाह्यलं न्हाई मी. पण कुणाला पाहू न देता केलेलं काम सरळ असतं का? म्हणून ही परात ठेवली तुमच्यापाशी. काढला एकेक इस्क्रू तिच्यात टाकायचा, खिशात न्हाई, पिशवीत न्हाई. राग मानू नका, तोंडावर सांगते — तोंडावर कुठलं, पाठच दिसून राह्यली मला तुमची — पण ह्या मोटारीला हात लावणाऱ्या कोणावरच माझा भरोसा न्हाई.

अन् तुमच्यावर तर जरा जास्तीच शक हाय, सांगूनच टाकते. कामून म्हणाल, तर आमचे मालक, काकासाहेब, मागल्या बाजारी जालन्याला गेल्ते दाढ काढायला. दाढ दुखती, झोप न्हाई म्हणून तांबडं फुटायलाच परतूरला जाऊन रेल्वेत बसले. कडूबाला — आमचा सालगडी तो, बैलायपाशी बसलाय तो — त्यालाबी फलाटावरूनच परत लावून दिलं. मला तर नेलंच न्हाई. अन् सांजच्याला आले तर दाढ जिथल्या तिथं. म्हणले, दाढेचा डॉक्टर भेटला न्हाई, पण मिस्त्री भेटला, रहमतुल्ला म्हणून, लई इमानदार माणूस, तो येऊन मोटार पाहून जाईल. आता तुमीच सांगा, दाढ काढायला गेलेला माणूस मिस्त्री ठरवून येतो, तर शक येणार का न्हाई? इमानदार म्हणं. एका भेटीत कळलं त्यांना. आमच्या घरी भाजी घेताना सुद्धा मी टोपलं उलटं करून पाहते अन् हे माणसाला वरच्यावर पाहून घेऊन येतात. — तो इस्क्रू परातीत टाका. हां.

तसं इंजनाचं तुमाला समजत असंल, त्याचं न्हाई म्हणत मी. पण ही मोटार म्हंजे नुसतं इंजन न्हाई. सोनूबाई, आमची लेक, पाळण्यात होती तव्हा आली ही घरी. एक अव्वल तालुकदारसाहेब, म्हंजे जिल्ह्याचे कलेक्टरच, बदलून हैद्राबादेला चालले होते, त्यांच्याकडून घेतली, जुनीच घेतली, पण तव्हा ह्या मुलखात मोटार होती कुणाकडं? वाटूरच्या फाट्यावर लोक हातातलं काम सोडून पहायचे. साहेबाचा ड्रायव्हर मागं राहून मालकांना शिकवून गेला, अन् तव्हापासून चाकाला दुसऱ्याचा हात लागला न्हाई. ड्रायव्हर ठेवा म्हणलं की राग यायचा. खंडेनवमीला लोक तलवारी पूजतात, औतं पूजतात, आमच्याकडं आधी मोटार — मी हळद-कुंकू लावायचे, ते नारळ फोडायचे, चाकाखाली लिंबू ठेवून मोटार एकदा म्होरं घ्यायची अन् मंगच घरात पानं मांडायची. लढाईत पेट्रोल कुपनावर आलं, मिळंना झालं, तरी पुसणं रोजचं. एकदा फाट्यावर बंद पडली तर बैल जुंपून आणली. दोन बैल म्होरं, कडूबा बैलायपाशी, अन् हे आत ताठ बसलेले, डोक्याला टोपी, जसं काय तेच हाकून राह्यले. गाव हसलं. मीबी हसले पदराआड. पण मंग वाईट वाटलं मला, कारण ते खरंच चाक फिरवत होते, वळणावळणाला, बराबर.

आता त्यांनी तुमाला काय दोष सांगितला असंल तो मला पाठ हाय. चाक डावीकडं ओढतंय — हाय न? सगळ्या मिस्त्र्यायला हेच सांगतात. सोनूबाईला बाळंतपणाला आणायला टेंभुर्णीला, तिच्या सासरी, गेल्ते ह्याच मोटारीतून, तव्हापासून चाक ओढायलं. येताना एका पुलाच्या कठड्याला घासली — ते मडगार्ड चेपलंय न, ते तिथलंच. मला म्हणले, बैलगाडी आडवी आली, तिला वाचवायला गेलो, अन् हे चाकबी ओढतंय मेलं. मी म्हणलं, असंल. पण सोनूबाईनं मला माजघरात नेऊन हळूच सांगितलं, आई, बैलगाडी नव्हतीच कुठली. रस्ता मोकळा होता. आबा सरळ कठड्यावरच चालले होते, मी वरडले तव्हा फिरवलं. — हे तुमाला कामून सांगून राह्यले मी? चाकाचं सांगत होते. पाह्यलं का चाक? काय निघालं? — न्हाई, राहू द्या, बोलू नका. काय निघालं असंल ते माहीत हाय मला.

रामकिसननं सगळं खोलून पाह्यलं अन् मला म्हणला, सगुणाबाई, चाकात काडीचा दोष न्हाई, चालवणाराच डावीकडं नेत असंल. हितंच उभा राहून म्हणला. मालक ओसरीवर पान खात बसलेले, हाकेच्या अंतरावर. मी म्हणलं, हे त्यांच्या म्होरं बोलशील तर याद राख. अन् तुकडे चोरतो म्हणून ओरडा केला अन् दिला वाटंला लावून. — मान हलवू नका, चोरतबी असंल तो, मी काय त्याच्या इमानाची शपथ घेणार न्हाई. मंग आला बद्रीनाथ, अंबडच्या रस्त्याला प्रवाशायची सर्व्हिस मोटार हाकायचा तो. तो दुसऱ्या तऱ्हेचा. चाकाखाली शिरला, हातोडी वाजवली, तेल सोडलं, अन् मालकांना म्हणला, झालं साहेब, आता डावीकडं बिलकुल जायची न्हाई. जो दोष नव्हताच तो काढून दिला बहाद्दरानं. मालक लगेच उठले, टोपी घातली, चल म्हणले, फाट्यापर्यंत जाऊन येऊ. तव्हा मी पोटात कळ आली म्हणून हितं भुईवर आडवी झाले अन् असा हंबरडा फोडला की शेजारपाजार गोळा झाला. म्हणून राह्यलं जायचं. नंतर ओव्याचा काढा प्यावा लागला मला, काही झालेलं नसताना. तर असे हे मिस्त्री. खरं बोलणारा आला तर घरच्या माणसाची लाज जाती, अन् थापा मारणारा आला तर मोटार रस्त्यावर जाती. मंग मी कुणावर भरोसा टाकायचा? तुमी सांगा. तुमी ह्या दोघायपैकी कोणते?

बोलू नका म्हणलं तर खरंच बोलेनात तुमी. बरं हाय. टाकी उघडली का? मंग ते काळे खडे सापडलेच असतील तुमाला. कचरा न्हाई तो, गूळ हाय. मीच टाकला, बद्रीनाथ गेल्यावर. टाकीत गूळ पडला की मोटार जाग्यावर बसती, असं कुणी तरी बोलताना ऐकल्तं मी, बाजारात. घाईघाईत टाकला, थोडा बाहेर सांडला, अंधुक होतं, पुसायचं राहून गेलं. सकाळी पाहते तर मुंगळे. भिंतीवरून रांग, चाकावरून रांग, मडगार्डावरून टाकीच्या तोंडाला काळी दोरी ओढल्यासारखी. मला वाटलं, संपलं, आता मी सापडले. अन् तेवढ्यात मालक नेहमीसारखे फडकं घेऊन पुसायला आले. मी चुलीवरचं दूध तसंच टाकून धावत आले. तर ते पुसून राह्यले, मिस्त्री — मुंगळ्यायवरूनच फडकं फिरवून राह्यले — अन् मला म्हणतात, लई धूळ बसली गं रातची. एक मुंगळा मनगटावर चढला, कडकडून चावला, तव्हा हात झटकला. म्हणले, काय हाय पहाय गं. मी म्हणलं, मच्छर. थोडं कमी दिसत असंल, वयाचं असतं, एवढंच समजत होते मी तव्हापर्यंत. त्या दिशी हितंच बसून रडले मी, अन् तिकडं दूध सगळं उतू गेलं.

आता ऐका. काम थांबवू नका, हात चालू ठेवा, त्यांना आवाज यायला पाहिजे. सुईण म्हणती सोनूबाईचं बाळ आडवं हाय, घरी सुटका व्हायची न्हाई, दिवस भरायच्या आधीच जालन्याला बायांच्या दवाखान्यात नेऊन ठेवा. अन् मालकांनी गावभर सांगून ठेवलंय, माझी लेक माझ्या मोटारीतून जाईल, मीच नेणार. जालन्यापर्यंत पूल किती, उतार किती, तुमी आजच त्या रस्त्यानं आले. तीन जीव असतील ह्या मोटारीत, मिस्त्री, लेक, लेकीच्या पोटातलं अन् ते. मी मागं राहीन ओसरीवर वाट पहात. असं व्हायला नको. म्हणून तुमी एवढंच करायचं — ओसरीवर जायचं अन् सांगायचं, साहेब, मोटार मेली. इंजन फुटलं म्हणा, अजून काही म्हणा, तुमच्या धंद्यातलं काहीबी सांगा, पण पुन्हा कधी चालू होणार न्हाई असं सांगा. दुसऱ्या कोणाचं ते ऐकणार न्हाईत, तुमाला इमानदार म्हणतात, तुमचं ऐकतील. मी पोरीला बैलायची धमणी जुंपून सावकाश परतूरला नेईन, तिथून रेल्वे. डोळ्याचं मात्र त्यांच्यापाशी बोलायचं न्हाई. आमच्या घरात त्यांच्या दुखण्याचं नाव त्यांच्या म्होरं कोणी काढत न्हाई, माझी सासूबी काढत नव्हती, रीतच न्हाई ती. ते बोलले तर आपण बोलायचं. अन् ते काही बोलत न्हाईत.

काय म्हणता? हात कामून थांबले? का खोटं बोलायला जमत न्हाई तुमाला? एकदा बोला, माझ्या नावावर बोला, पाप लागलं तर मला लागू द्या. मी काय पेटीतले दागिने काढून द्या म्हणून राह्यले का — थांबा. काय घेतलं ते? ते काळं, टोपीसारखं, फडक्यात गुंडाळलं न तुमी आत्ता? परातीत न्हाई टाकलं. पिशवीत टाकलं. मी हितं बसलेली असताना, माझ्या डोळ्यादेखत. अन् मी मूर्ख, ह्या माणसापाशी घरचं सगळं बोलून बसले, लेकीचं, मालकाचं, गुळाचं. इमानदार! पिशवी खाली ठेवा. ठेवा म्हणते न. कडूबा, अरे ए कडूबा, इकडं ये जल्दी, अन् काठी घेऊन ये —

काय? काय म्हणले? पुन्हा सांगा. हळू बोला, पण पुन्हा सांगा. — मालकांनी सांगितलं? आमच्या मालकांनी? हा तुकडा काढून घेऊन जायचा, ह्याच्याबिगर मोटार सुरू होत न्हाई, अन् ओसरीवर येऊन बाईच्या म्होरं सांगायचं, मोटार मेली? — काही न्हाई रे कडूबा, जा तू. काठी राहू दे. बैलायला पाणी दाव. — खोटं बोलून राह्यले तुमी. सापडले म्हणून बोलून राह्यले. अल्लाची आण घ्या. — घेतली. बरं. कुठं सांगितलं त्यांनी हे? तुमच्या दुकानात. कव्हा? त्याच दिशी, मागल्या बाजारी. म्हंजे दाढ दुखतच नव्हती. मी लवंग दाबून देत होते रोज त्यांच्या दाढेखाली, अन् ते गप तोंड उघडून लवंग घेत होते.

डोळ्याच्या डॉक्टरकडं गेल्ते? एकटे? त्या गर्दीत विचारत-विचारत गेले असतील, लोकायला धडकत, अन् कोणाला कळू न देता. काय म्हणला डॉक्टर, ते सांगितलं का तुमाला? मोतीबिंदू असंल. माझ्या मामाला होता, भुजंगमामाला, काढला अन् चांगलं दिसायलं, पोथी वाचतो आता. — मोतीबिंदू न्हाई? मंग दुसरं काय असतं डोळ्यात? — गेलेली नजर परत यायची न्हाई. असं म्हणला डॉक्टर? अन् राह्यलेली? — तीबी जाणार. हळूहळू. असं होय. तुमी बसा, मिस्त्री, उभे कामून, त्या खोक्यावर बसा जरा. न्हाई, मला पाणी नको.

हे सगळं त्यांनी तुमाला सांगितलं. तुमची वळख न्हाई, पाळख न्हाई, दुकानातल्या फळीवर बसून सांगितलं. अन् माझं नाव काढलं का? काय म्हणले माझ्याबद्दल? जसं म्हणले तसं सांगा, चांगलं करून सांगू नका. — "बाईला कळू देऊ नका. ती अजून माझ्या भरोशावर हाय." असं म्हणले? भरोशावर. अन् मी हिकडं त्यांच्या टाकीत गूळ घालून राह्यले. राग आलाय मला, लई राग आलाय, कुणाचा ते विचारू नका. एका घरात राहतो आमी, एका दिव्याला बसतो, त्यांना बोलायला काय झाल्तं? आंधळा व्हायलोय गं म्हणले असते, मी काय टाकून दिलं असतं का त्यांना? — काय? मी कामून न्हाई बोलले? हां. ते बराबर हाय तुमचं. मीबी न्हाई बोलले.

तर मंग आता कोणी काही बोलायचं न्हाई. मला कळलं हे त्यांना कळू द्यायचं न्हाई, तुमी त्यांना शब्द दिलाय तो दिलाच समजा. ते जसं ठरवून आले तसंच होऊ द्या, सारं त्यांच्याच मनासारखं होऊ द्या. तुकडा घ्या तुमचा, नीट गुंडाळा, अन् जालन्याला गेल्यावर विकायचा तर विका. तिकडं ओसरीवर त्यांची काठी वाजली, उठले वाटतं ते. आता मी तुमाला वाईट-वंगाळ बोलणार हाय, मोठ्यानं. मनावर घेऊ नका, मिस्त्री. तुमी खरंच चांगले हाय, पण तसं मला आत्ता बोलता यायचं न्हाई. मान खाली घालून उभं राहा. असं.

अहो, ऐकलं का? हा तुमचा इमानदार मिस्त्री म्हणतो, मोटार मेली. इंजनच फुटलं म्हणं, पुन्हा कधी चालू व्हायची न्हाई. सकाळपासून खोलून बसलाय, अन् आता हात झटकून मोकळा. असले मिस्त्री आणता कुठून तुमी, एक धडाचा आणला न्हाई आजपर्यंत. — न्हाई, आता दुसरा नको, मी एकालाबी दारात उभं करायची न्हाई. गेली तर गेली मोटार, म्हातारीच झाल्ती ती, तिचं वाईट वाटून घेऊ नका. पोरीला रेल्वेनं नेऊ. पण मी एकटी न्हाई जायची, आधीच सांगून ठेवते, मला त्या रेल्वेचं भेव वाटतं — पायरी किती उंच, फलाटावर लोक किती, कुठं पाय पडंल माझा काही नेम न्हाई. तुमीच चला संग. अन् माझा हात धरून ठेवायचा, हितून निघाल्यापासून तर दवाखान्याच्या दारापर्यंत, लोक काय म्हणायचं ते म्हणू द्या, माझा हात बिलकुल सोडायचा न्हाई. — तिथंच थांबा, उतरू नका, मीच आले वर. — अन् तुमी काय उभे राह्यले, मिस्त्री? काम झालं तुमचं. निघा.